वीज अटकाव यंत्र : नाव एक, काम दुसरे

वळवाच्या पावसाचे दिवस जवळ आले की, शाळेच्या इमारतीवर किंवा देवळाच्या शिखराशेजारी वीज अटकाव यंत्र बसविण्याचा विषय पुष्कळ ग्रामसभांत निघतो. ठराव होतो, निधीची मागणी जाते, आणि यथावकाश एक टोकदार गज इमारतीच्या माथ्यावर उभा राहतो. त्यानंतर गाव निर्धास्त होते. या निर्धास्तपणाविषयीच येथे काही लिहावयाचे आहे. कारण तो ज्या समजुतीवर उभा आहे, ती समजूत यंत्राच्या नावातूनच निर्माण झालेली आहे.

‘अटकाव’ म्हटले की, वेशीवर उभा राहून येणाऱ्याला परत फिरविणारा रखवालदार डोळ्यांपुढे येतो. हा गज तसे काही करीत नाही. तो विजेला अडवीत नाही, परतवीत नाही, दूरही लोटीत नाही. वीज त्याच्यावरच पडते; पडावी अशीच योजना असते. पडलेली वीज भिंतींतून, लाकडातून किंवा माणसांतून वाट काढण्याऐवजी धातूच्या आखून दिलेल्या वाटेने जमिनीत जावी, एवढेच त्याचे काम. इंग्रजीत त्यास नुसते ‘विजेचा गज’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि ते अधिक प्रामाणिक आहे. आपल्या बोलण्यात व कागदांत आता ‘अटकाव’ रुळला आहे, तेव्हा शब्द बदलण्याचा आग्रह नाही. अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ ते २०२२ या चारही वर्षांत देशात दर वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून दगावली. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतील आणि पुष्कळशी शेतात राबणारी होती.

वीज पडते ती कशी, हे थोडक्यात पाहू. मोठ्या गडगडाटी ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋण विद्युत्भार साठतो व त्याच्या प्रभावाने खालच्या जमिनीवर धन भार गोळा होतो. ढगातून एक शाखायुक्त प्रवाह टप्प्याटप्प्याने खाली उतरू लागतो. तो जमिनीजवळ आला म्हणजे उंच वस्तूंच्या टोकांतून, म्हणजे झाड, कळस, खांब आणि मोकळ्या रानात उभा असलेला माणूस यांतून, त्यास भेटावयास वर जाणारे प्रवाह निघतात. ज्याची भेट प्रथम होते त्याच्या वाटेने वीज कोसळते. सामान्य विजेत तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो, आणि तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सिअस इतकी तापते. ही हवा एकाएकी फुगते, तोच गडगडाट. एवढ्या प्रवाहास कोणी अटकाव करील ही कल्पनाच व्यर्थ आहे. त्याला वाट देता येते.

ही वाट देण्याची कल्पना अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांची. ग्रामकार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगण्यासारखी आहे. घरांचे विजेपासून रक्षण कसे करावे याची कृती त्यांनी विद्वानांच्या सभेपुरती राखून ठेवली नाही, तर आपल्या १७५३ सालच्या पंचांगात छापली. हे पंचांग शेतकरी आणि कारागीर यांच्या घरोघरी जात असे. चंद्राच्या कला आणि लोखंडी गज जमिनीत किती खोल पुरावा याची सूचना, ही दोन्ही एकाच पुस्तिकेत वाचकांच्या हाती पडली. या शोधाचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. विस्ताराचे काम म्हणतात ते हेच.

परंतु त्याच सुमारास घडलेल्या दोन घटना पाहिल्या म्हणजे गजाचे मर्म कोठे आहे ते कळते. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली-ला-व्हिल या खेड्यात दालिबार या शास्त्रज्ञाने फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून उभारलेल्या उंच लोखंडी गजातून, ढग वर असताना, ठिणग्या निघाल्या. दालिबार स्वतः त्या वेळी तेथे नव्हते. एका निवृत्त सैनिकाने प्रथम ठिणगी काढली आणि गावच्या पाद्र्याला बोलावून आणले. गारांच्या माऱ्यात पाद्री धावत आला, त्याच्या मागोमाग गावकरीही आले. त्या दिवशी कोणास इजा झाली नाही, हे केवळ सुदैव. कारण तो गज प्रयोगासाठी मुद्दाम जमिनीपासून अलग ठेवलेला होता. पुढल्याच वर्षी, १७५३ च्या ऑगस्टमध्ये, रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान या प्राध्यापकाने घराच्या छपरावरून घरात आणलेल्या अशाच गजाजवळ उभे राहून मोजणी चालविली असता वीज कोसळली आणि ते जागीच ठार झाले. गज होता, टोक होते. जमिनीपर्यंतची वाट नव्हती. म्हणून ती त्यांच्या देहातून निघाली.

यास्तव आपल्या गावच्या यंत्राकडे पाहताना वर पाहू नये, खाली पाहावे. यंत्राचे तीन भाग असतात : माथ्यावरचा गज, भिंतीवरून उतरणारी धातूची पट्टी आणि जमिनीतील अर्थिंग. गज सर्वांना दिसतो, त्याचे छायाचित्र निघते, त्याच्या उद्घाटनास नारळ फुटतो. पट्टी रंगाच्या हातात झाकली जाते. अर्थिंगचा खड्डा तर पुढे कोठे होता हेही कोणास आठवत नाही. आणि नेमके महत्त्व उलट क्रमाने आहे. पट्टी शक्य तितकी सरळ व जवळच्या वाटेने उतरवावी लागते. तिला कोपऱ्यावर काटकोनात मुरडले तर प्रवाह वळण सोडून शेजारच्या भिंतीतील सळईवर किंवा खिडकीच्या गजावर उडी घेऊ शकतो. तांबे व लोखंड जेथे जोडलेले असते तेथे गंज लवकर चढतो. तांब्याची पट्टी भंगाराच्या लोभाने कोणी कापून नेली तर वरचा गज तसाच उभा राहतो आणि गावास वाटते की, रक्षण चालू आहे. अशी तुटकी रचना नसलेल्या रचनेहून वाईट होय. वीज अंगावर घ्यावयास ती सज्ज असते, पुढे पोचविण्यास नसते.

अर्थिंगचा विचार आपल्या मातीच्या संदर्भात वेगळा करावा लागतो. काळ्या ओलसर जमिनीत प्रवाह सहज पसरतो. मुरमाड माळावर व कातळावर तो तसा पसरत नाही. त्यातही भर अशी की, महाराष्ट्रात विजांचे थैमान विशेषतः दोन वेळा असते : एप्रिल-मे-जूनमधील वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात. पहिल्या वेळी जमीन वर्षातील सर्वांत कोरडी असते. पावसाळ्यात मोजून उत्तम ठरलेली अर्थिंग वैशाखात निकामी ठरू शकते. म्हणून तपासणी पावसाळा संपल्यावर न करता उन्हाळा भरात असताना करावी. वीजवाहकाच्या अर्थिंगचा रोध सामान्यतः १० ओहमच्या आत असावा असे धरतात. तो मोजण्याचे यंत्र परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडे असते व काम अर्ध्या तासाचे आहे. खड्ड्यात कोळसा व मीठ भरून वरून पाणी सोडण्याची पद्धत जुनी असली तरी उपयुक्त आहे. मात्र मिठाने लोखंड खाल्ले जाते हे ध्यानात ठेवून सळई दोन-चार वर्षांनी उघडून पाहावी. कातळ लागल्यास एका खोल सळईऐवजी अनेक सळया एकमेकींस जोडून, अंतर ठेवून पुराव्या. पाणवठ्याच्या किंवा मोरीच्या सांडपाण्याची ओल जेथे बारमाही असते ती जागा निवडता आल्यास उत्तम, परंतु तेथे माणसांची व गुरांची वर्दळ नसावी.

आता हा गज किती जागेचे रक्षण करतो ते पाहू. ढोबळमानाने, कमी उंचीच्या इमारतीवरील गजाचे टोक जमिनीपासून जितके उंच, तितक्याच अंतरापर्यंत त्याच्या बुंध्याभोवती रक्षण मिळते असे समजावे. जणू टोकापासून खाली ताणलेली एक राहुटी. दहा मीटर उंचीवरचे टोक सभोवार दहा मीटर. शाळेची इमारत त्यात बसते. शाळेच्या मागचे शेत बसत नाही, आणि राहुटीच्या आतही जमिनीवर उघड्यावर उभे राहणे सुरक्षित नव्हे. काही विक्रेते विशेष बनावटीच्या टोकामुळे शंभर मीटरपर्यंत रक्षण मिळेल असे सांगतात. आंतरराष्ट्रीय मानके अशा टोकास साध्या गजाहून अधिक क्षेत्र देत नाहीत. टोकाची प्रत्यक्ष उंचीच तेवढी हिशेबात धरतात. ग्रामपंचायतीने पैसे खर्च करण्यापूर्वी ही गोष्ट विचारात घ्यावी. तेवढ्याच पैशात एका मोठ्या गजाऐवजी शाळा, दवाखाना व समाजमंदिर या तिन्ही ठिकाणी साधी, पण चांगल्या अर्थिंगची रचना होत असेल तर लेखकाच्या मते तीच पसंत करावी. घरातील दूरदर्शन संच, विहिरीवरचा पंप व त्याचा स्टार्टर यांचे रक्षणही एकट्या गजाने होत नाही, कारण दूर कोठे पडलेल्या विजेचा झटका तारांवाटे येतो. ढग दिसू लागताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वी, त्यांची जोडणी काढावी.

शेतातील माणसाच्या दृष्टीने झाड हाही एक वीजवाहकच असतो, पण अगदी वाईट. उंच असल्यामुळे तो वीज घेतो आणि लाकडातून ती नीट जात नसल्यामुळे बुंध्याशी उभ्या असलेल्या माणसावर ती उडी घेते. जी जमिनीत जाते ती बुंध्याभोवती पसरत जाते, आणि अंतरागणिक तिचा दाब उतरत असल्यामुळे दोन पावलांखालच्या जमिनीत विद्युत् दाबाचा फरक पडतो. गुरांचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे हा फरक त्यांच्यात मोठा असतो व प्रवाह छातीतून जातो. झाडाखाली बांधलेली सबंध दावण एकाच विजेने पडते ती यामुळे. गुरे झाडाखाली बांधू नयेत, आणि लांबच लांब तारेच्या कुंपणालगतही बांधू नयेत, एवढे जरी पाळले तरी पुष्कळ जनावरे वाचतील.

लाक्षणिक अर्थाकडे वळण्यापूर्वी मोरेव्हियातील एक हकिगत सांगितली पाहिजे. तेथील प्रझिमेतित्से या खेड्यात प्रोकोप डिव्हिश नावाच्या पाद्र्याने १७५४ साली अनेक टोके असलेला एक उंच वीजवाहक खांब उभा केला होता. पुढे काही वर्षांनी पाऊस ओढला, पिके वाळली, आणि गावच्या शेतकऱ्यांनी या खांबानेच ढग पळविले असे ठरवून तो मोडून टाकला. विजेसाठी उभा केलेला खांब लोकांच्या संतापाचाही वाहक झाला. हा संताप उगवला होता आकाशावर, परंतु आकाशापर्यंत हात पोचत नव्हता.

इंग्रजीत पुढे हाच शब्द माणसासाठी वापरला जाऊ लागला. ज्याच्यावर टीका व राग ओढवतो आणि ज्याच्यामुळे इतर बचावतात, तो ‘विजेचा गज’. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ या संदर्भात एका कृषिमंत्र्यांचे उदाहरण देतात. एझ्रा टाफ्ट बेन्सन हे १९५३ ते १९६१ या काळात अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे कृषिमंत्री होते. शेतमालाच्या आधारभूत किमती कमी कराव्यात असे त्यांचे धोरण होते, आणि ते अध्यक्षांच्या संमतीनेच चालले होते. शेतकऱ्यांचा रोष मात्र बेन्सन यांच्यावर आला. १९५७ साली साउथ डकोटा राज्यात त्यांच्यावर अंडी फेकण्यात आली. स्वपक्षाच्या प्रतिनिधींनीही त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. अध्यक्षांनी त्यांना आठही वर्षे पदावर ठेवले आणि स्वतः लोकप्रिय राहिले. रिचर्ड एलिस यांनी या प्रकारच्या मंत्र्यांवर १९९४ साली जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच हा शब्द आहे.

मराठीत यास नेमका शब्द नाही. ‘खापर फोडणे’ यात दोष नंतर एखाद्याच्या माथी मारला जातो. गज तर आधीपासून उभा असतो. ‘ढाल होणे’ यात वार अडतो. गज अडवीत नाही. ‘अंगावर घेणे’ हे सर्वांत जवळचे, परंतु अंगावर घेतल्यावर पुढे काय, हे त्यात सांगितलेले नाही. इंग्रजी लक्षणेतही हाच दोष आहे. तिने गजाचे टोक तेवढे उचलले, पट्टी आणि अर्थिंग मागे ठेवले.

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यास हा भेद पुस्तकावाचून समजतो. बियाणे उगवले नाही, पीकविम्याची रक्कम अडली, वीज पडून बैल गेला आणि पंचनाम्याचा कागद पुढे सरकेना, म्हणजे लोक प्रथम ज्याला गाठतात तो गावपातळीवरचा माणूस. निर्णय त्याने घेतलेला नसतो. तो हाताशी असतो इतकेच. लोकांचे बोलणे त्याने ऐकून घेणे योग्यच आहे. परंतु ते बोलणे वर तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोचविण्याची आणि तेथील उत्तर तारखेनिशी परत आणण्याची वाट नसेल, तर तो तुटक्या पट्टीचा गज झाला. त्याला वरिष्ठ शाबासकी देतात की, याने गाव शांत ठेवले. प्रत्यक्षात गाव शांत झालेले नसते, आणि तो माणूस आतून जळत असतो. तक्रारीची लेखी नोंद, तिची पोच आणि ठरलेल्या दिवशी वरिष्ठांनी स्वतः गावात येणे, या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे हाच कार्यकर्ता वर्षानुवर्षे काम करताना दिसतो.

माणसाला वीजवाहक समजण्याचा आपल्याकडचा खास प्रकार निराळाच आहे. जन्मतः पायांकडून बाहेर आलेल्या, म्हणजे पायाळू माणसावर वीज पडते, असा समज महाराष्ट्रात सर्वदूर आहे. यास काडीचाही आधार नाही. वीज पाहते ती उंची, एकाकीपणा आणि जमिनीपर्यंतची वाट. जन्माची रीत तिला ठाऊक नसते. या समजाचे नुकसान दुहेरी आहे. पायाळू माणूस पावसाळाभर धास्तावलेला राहतो, आणि जे पायाळू नाहीत ते आंब्याखाली निश्चिंत उभे राहतात. अलीकडे त्याच्या जोडीला मोबाईल आला आहे. खिशातला किंवा हातातला मोबाईल वीज ओढीत नाही. तारेने चार्जिंगला लावलेला मात्र त्या वेळी हाताळू नये. खुरपे किंवा कुदळ लोखंडाची आहे म्हणून वीज येत नाही. ती खांद्यावर उभी धरल्याने माणसाची उंची वाढते म्हणून धोका.

उलट त्या मोबाईलचा उपयोगच करून घ्यावा. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या परिसरात विजा कोठे पडत आहेत याची सूचना देते. ते नसल्यास कान पुरे आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या छताच्या बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर येऊ नये. गवती खोप, उघडे पत्र्याचे शेड व मचाण यांना आसरा समजू नये. अगदीच मोकळ्यावर सापडल्यास झाडापासून दूर, दोन्ही पावले जुळवून, चवड्यांवर उकिडवे बसावे. आडवे पडू नये, घोळक्याने उभे राहू नये. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षित उपाय नव्हे.

आणि कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावण्यास भिऊ नये. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही; ती केव्हाच जमिनीत गेलेली असते. या भीतीने दहा-पंधरा मिनिटे कोणी जवळ न गेल्यामुळे वाचण्यासारखी माणसे हातची जातात. गडगडाट चालूच असेल तर त्यास प्रथम आसऱ्यास न्यावे. अनेक जण पडले असतील तर जे विव्हळत आहेत त्यांच्याकडे नंतर पाहावे; जे निपचित आहेत, ज्यांचा श्वास चालत नाही, त्यांच्याकडे आधी धाव घ्यावी. १०८ क्रमांकास दूरध्वनी करण्यास एकाला सांगून दुसऱ्याने त्या माणसास कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास शंभर ते एकशेवीस या वेगाने दाब द्यावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने माणसे बदलीत तो चालू ठेवावा.